नारळी पुनवेचा निरोप

(काशीदच्या उत्तरेचा एक कोळीवाडा. टळटळीत दुपार, भरती चढते आहे. होड्या बांधायच्या खुंटाला मसूद सिद्दी बांधलेला, पाणी त्याच्या गुडघ्यांवर. समोर कान्हा, हातात वल्हं. त्याची धाकटी बहीण तुळशी शाळेच्या परकरासकट पाण्यात धावत येते.)

तुळशी: दादूस, पुरे कर. आणखी एक बसलं तर मरंल तो.

कान्हा: मरंल तं मरंल. तुना कोनी बोलावलं हितं? घरी आयशीजवळ बस जा.

तुळशी: आईनंच धाडलंय. म्हणाली, कान्हाकडं बघ, तो माणसात न्हाय.

कान्हा: मानसात न्हाय तो ह्यो हबशा. तीन वल्ही खाल्ली, तोंडातून शबुद न्हाय काढला.

मसूद: काढला की. तुला पायजे तो न्हाय काढला.

कान्हा: मंग आता काढ. 'करनी मागं घेतली' म्हन. भगत बोललाय, हबशानं आपल्या तोंडानं करनी सोडली की दर्या सदाला सोडंल. चार दीस झालं. सगळा वाडा होड्या घेऊन हुडकतोय, नि मना माझ्या भावाचं प्रेत मिळत न्हाय.

मसूद: केली असती तर सोडली असती. केलीच न्हाय ती कुठनं सोडू?

कान्हा: मंग नावेवर पाय कनाला न्हाय ठेवलास? बापानं घातलेली रीत. नारळी पुनवेला आमच्या नावेवर पयला पाय हबशाचा, म्हंजे नजर तेच्या अंगावर जाते, नावेला लागत न्हाय. अकरा वर्सं चढलास. नारळ घेतलास, धोतर घेतलंस. नि ह्या साली सगळ्या वाड्यासमोर पाठ फिरवून गेलास. दुसऱ्या दिशी नाव बुडाली. आता बोल.

मसूद: दाराला काळी बाहुली टांगता ना तुम्ही, नजर लागू नये म्हणून? ती मी. मला समजत न्हाय असं वाटतं काय?

कान्हा: समजत व्हतं तं अकरा वर्सं चढलास कनाला?

मसूद: तुझा बाप प्रेमानं हाक मारायचा. प्रेमानं बोलावलं की माणूस बाहुलीपण होतो.

कान्हा: माझ्या बापाचं नाव घेतोस. घे मंग.

तुळशी: दादूस, हातावर नको. हातावर नको रे. आई गं.

मसूद: या अल्ला.

तुळशी: तो आवाज वल्ह्याचा नव्हता. दादूस, त्याची बोटं बघ. मागं वळलीत.

कान्हा: अजून एक हात हाय.

मसूद: उजवा होता, कान्हा. फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा हात. तुझ्या वाड्यातली एक नाव सांग, जिच्या फटी ह्या बोटांनी भरल्या न्हाईत.

कान्हा: भरल्या, नि त्याच बोटांनी माझी बुडवली.

तुळशी: दादूस, मिठाच्या सत्याग्रहात तुला धरलं होतं. दोन वर्षं झाली फक्त. त्या गोऱ्या सार्जंटनं तुझ्या पाठीवर काठ्या मोडल्या, आणि दर काठीला तुला काय म्हणत होता?

कान्हा: गप.

तुळशी: घरी येऊन तू पालथा पडलास. म्हणालास, बाय, काठ्यांचं काय न्हाय, पण तो मना 'काळा कुत्रा' म्हनला, ते जात न्हाय डोक्यातून. मी तुझ्या पाठीला हळद लावली. आज तुझ्या तोंडात...

कान्हा: थोबाड बंद कर.

तुळशी: मारलंस. मला मारलंस तू?

कान्हा: अजून मारीन. सार्जंट नि मी एक काय? तो परका. ह्यो आपल्या वाड्यात राबनारा हबशा, आपल्या ताटातलं खातो.

मसूद: ताटातलं न्हाय, करवंटीतलं. ताट तुम्ही मला कधी दिलं न्हाय.

कान्हा: बघ, जीभ कशी चालते. पानी मांडीला लागलं तरी.

मसूद: आज सकाळी, पहिलं वल्हं पडायच्या आधी, मी तुला सांगितलं. मी करणी केली न्हाय, फळी कुजली होती. पुढल्या टोकाकडनं, नाळेपासनं तिसरी, पाण्याखालची. निरोप पाठवला होता. तू म्हणालास, हबशा बहाणे करतो.

कान्हा: कोनासंगती पाठवला? मना कोन आला सांगायला? एक मानूस दाखव.

मसूद: तिथं उभी हाय. गाल धरून.

कान्हा: तुळशे?

तुळशी: चार दिवस सांगीन सांगीन म्हणते. आईच्या तोंडाकडं बघितलं की घसा बंद होतो.

मसूद: तुझा घसा बंद झाला, पोरी. माझी बोटं गेली.

कान्हा: काय चाललंय तुमचं? नीट सांग. पयल्यापासनं सांग.

तुळशी: पुनवेला तुम्ही सगळे नावेपाशी पूजा करत होता. मसूदचाचा बांधाच्या पलीकडं उभा होता. पूजा आटपल्याशिवाय त्याला अलीकडं येऊ देत न्हाईत ना, नारळ बाटतो म्हणून. मी तिकडून येत होते, नवं लुगडं नेसलेली, डोक्यात अबोलीचा गजरा, मला वाटत होतं सगळा दर्या माझ्याकडंच बघतोय. त्यानं मला हाक मारली.

मसूद: अंगठ्यानं दाबून बघितली होती मी फळी सकाळी. भिजल्या पावासारखी दबली. नवी नाव म्हणालास, कान्हा, पण तळाला जुन्या नावेची फळी बसवलीस, वरून तेल चोपडलंस.

कान्हा: एक फळी. बाकी सगळी नवी व्हती.

तुळशी: म्हणजे जुनी फळी होती.

कान्हा: तू निरोप सांग.

तुळशी: तो म्हणाला, दादाला सांग, नाळेपासनं तिसरी फळी बदलल्याबिगर मी ह्या नावेवर चढायचा न्हाय, आणि तुम्हीपण चढू नका. एवढंच. सरळ. मी धावत आले. तुम्ही दहा-बाराजण नावेला खांदा देऊन उभे. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि दादूस, तुला माहीत आहे मी नकला करते. शाळेत मास्तरांची केली, पोष्टमनची केली, बक्षीस मिळालं. सगळे बघायला लागले की माझ्या अंगात येतं.

कान्हा: पुढं.

तुळशी: मी ओठ फुगवले. पाय फाकवून उभी राहिले. म्हटलं, 'हम नै चढ्येगा, फल्ली खराब, हम डर गया.'

कान्हा: आठवतं मना.

तुळशी: तो तसं बोलतच न्हाय. तुझ्यामाझ्यासारखं बोलतो. मी कधी ऐकलंच नव्हतं त्याला हिंदीत बोलताना. तरी मी तसंच म्हटलं, कारण हबशी तसंच बोलणार असं मला वाटलं, आणि तुम्हाला सगळ्यांना पण वाटलं. गुणाजीमामा हसून हसून वाळूत बसला. सदा म्हणाला, तुळशे, परत कर. मी परत केलं.

मसूद: बांधापलीकडं मला ते हसणं ऐकू आलं. मला वाटलं, निरोप पोचला, नि तुम्ही त्यावर हसताय. म्हणून पाठ फिरवली. आता खरं सांगू? दुसऱ्या दिवशी नाव बुडाली म्हणून कळलं, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, बरं झालं. मग कुणीतरी सदाचं नाव घेतलं. घरी जाऊन मी जेवलो न्हाय.

कान्हा: खोटं हाय सगळं. तुळशे, ह्याला वाचवायला खोटं बोलतेस तू.

तुळशी: मग तू सांग. नावेवर तू होतास आणि सदा होता. परत तू एकटा आलास. पाणी कुठून शिरलं?

कान्हा: लाट आली.

तुळशी: लाट वरून येते. आईनं विचारलं तेव्हा तू भिंतीकडं तोंड केलंस. मी बघितलं. पाणी कुठून शिरलं, दादूस?

कान्हा: वल्हं धर माझं.

तुळशी: मी न्हाय धरणार ते. टाकून दे.

कान्हा: नाळेकडनं. पायाखालून. झऱ्यासारखं. सदानं अंगातला सदरा काढला नि फटीत कोंबला, वर टाच दाबून उभा ऱ्हायला. बोलला, दादा, तू वल्हव, मी दाबून धरतो. मी वल्हवलं. मंग फळीच गेली, सगळीच्या सगळी, नि तेचा पाय आत अडकला. नाव उलटली. मी वर आलो. कोनाला न्हाय सांगितलं. सांगितलं असतं तं फळी माझी व्हती. करनी म्हनलं की ती ह्याची झाली.

मसूद: पाणी कमरेच्या वर आलं.

तुळशी: सोडव त्याला. दादूस, उभा काय राहिलास? गाठ सोडव.

कान्हा: भिजलीय. फुगलीय गाठ. सुरी घरी ऱ्हायली.

तुळशी: सर बाजूला, दातानं सोडवते. तू त्याच्या छातीला टेकू दे, लाट त्याला खुंटावर आपटतेय. दोर कसला आवळलायस, मनगटातनं रक्त येतंय.

मसूद: हळू. तो हात नको ओढू. वरची गाठ आधी घे, पोरी, ती सुटली की खालची ढिली होते.

तुळशी: खारट आहे. दातात सूत अडकतंय. चाचा, मी तुमची नक्कल केली ती...

मसूद: आता गाठ सोडव. माफी मागायची तर माझ्या घरी येऊन माग, मुरूडला. माझी बायको ऐकंल. तिच्यासमोर ती नक्कल करून दाखव, जशी तिथं केलीस तशी.

तुळशी: मला न्हाय जमणार.

मसूद: मग तिला कसं कळंल काय घडलं ते?

तुळशी: येईन. करून दाखवीन.

कान्हा: एकटी नको जाऊस. मीपन येईन. दोर सुटला काय?

तुळशी: सुटला एक. दुसरा सुटतोय. दादूस, मागं बघ. होड्या वळल्या.

कान्हा: कुठं?

तुळशी: तिकडं, खडकाच्या बाजूनं. पुढच्या होडीत कोणीतरी वल्हं उभं धरलंय. उभं का धरलंय?

कान्हा: प्रेत मिळालं की उभं धरतात.

तुळशी: सदा सापडला?

कान्हा: सापडला.

तुळशी: आई वाळूत येऊन उभी राहील आता.

मसूद: तुमचा पोरगा तुम्हाला मिळाला. मला आता काय मिळतं ते बघा. वाडा म्हणंल, हबशाची बोटं मोडली म्हणून दर्यानं सदा दिला. भगत खरा ठरला. पुढच्या साली कुणी बुडालं की आधी दोर आणतील, मग हबशा हुडकतील. माझा पोरगा हाय नऊ वर्षांचा. माझ्याहून काळा.

तुळशी: सुटला. दुसरा पण सुटला. धर, दादूस, पडतील चाचा.

कान्हा: धरलं. मी तेंना सांगेन. किनाऱ्याला लागले की पयलं सांगेन.

मसूद: काय सांगशील?

कान्हा: फळी कुजकी व्हती नि ती मी बसवली. तू निरोप धाडलास नि आम्ही हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो.

मसूद: पहिल्या होडीत गुणाजी हाय. त्याच्या हातात कोयता दिसतोय इथनं. भाचा गेलाय त्याचा. तो तुझं ऐकून घेईल?

कान्हा: न्हाय घेनार.

मसूद: मग?

कान्हा: मंग कोयता आधी माझ्यावर येईल. तुळशे, तू काठाला जा.

तुळशी: न्हाय जाणार. नक्कल मी केली, ती मलाच सांगायची आहे. तुझं अर्धंच ऐकतील, म्हणतील दुःखानं भ्रमिष्ट झाला. माझ्याबरोबर ते हसले होते. त्यांना आठवंल.

कान्हा: पोर हायस तू.

तुळशी: त्या दिवशी पण पोरच होते.

कान्हा: बरं. ऱ्हा मंग, पन माझ्या मागं ऱ्हा. ते बघ, उड्या मारल्या पान्यात. येताहेत. मसूद, माझ्या बाजूला ये, असा मागं नको. खांद्यावर हात टाक माझ्या, सगळ्यांना दिसू दे.

मसूद: हात उचलत न्हाय, कान्हा.