कच्चं मत

बसच्या रांगेत माझ्यापुढे प्रचाराच्या दोघी होत्या. थोरलीच्या हातात मतदारयादी होती.

"तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं काय लिहू? पक्कं की कच्चं?"

"कच्चंच, ताई. ‘विचार करते, उद्या ये’ म्हणाल्या."

"चार दिवस तेच ऐकतेय मी! एका मतासाठी किती उंबरा झिजवायचा?"

"पहिल्या दिवशी पक्कं म्हणाल्या होत्या. मग त्यांनीच विचारलं, ‘आता परत येशील ना?’ मी म्हटलं, पक्क्या घरी परत जात नाही आम्ही. तर म्हणाल्या, ‘मग कच्चं लिही.’"

"भारीच बेरकी आहेत की!"

"मुलगा फोन करतो म्हणे. पण दारावरची बेल वाजली की बरं वाटतं म्हणाल्या."

"खोली नंबर सांग, खूण करते."

"तीनशे चार."

"अगं, या खोलीत तर कुणाचंच नाव नाही यादीत!"

"माहितीये. पहिल्याच दिवशी बघितलं होतं."

"म्हणजे मतच नाही त्यांना? मग चार दिवस काय करत होतीस तिथे?"

"बसत होते जरा."

"वेडी आहेस. जाऊ दे, संपला आज प्रचार."

"हो ना, ताई. आणि त्यांनी उद्या ये म्हटलंय."