दोन बोटं लांब शॉकप

नाही नाही, भाऊ, किक मारू नका — आधी ऐकून घ्या, मग मारा. बसा ना जी, इथं ओट्यावर बसा, चहा आणते. साखर कमीजास्त असन तर सांगा, मी चाखून पाहिला नाही, आज माझा मंगळवार आहे. हो, गाडी दिसायले चांगलीच आहे — टाकी मी पुसत असते, धूळ बसू देत नाही — पण तिकडून नका पाहू, इकडून पाहा, बाजूनं. दिसलं? मागून वर, समोरून खाली, बैल तळ्यावर पाणी प्यायले वाकते ना, तशी उभी आहे. अन् स्टँडखाली फळी काहून ठेवली म्हणता? तेच सांगून राहिली ना. मागचे शॉकप ह्या गाडीचे नाहीत. दुसऱ्या मोठ्या गाडीचे आहेत, दोन बोटं लांब. फळी काढली तर स्टँड जमिनीले पुरतच नाही.

आजपर्यंत गाडी घ्यायले जो आला तो ह्या फळीपर्यंत आला अन् चहा पिऊन परत गेला. जागेश्वरभाऊजी — माझे दीर — डोक्यावर हात मारून घेतात. म्हणतात, वहिनी, तुमाले विचारलं कोणी शॉकपचं? पण मी काय करू? आषाढीले मोहाडीच्या देवीसमोर पदर पसरून आली — चातुर्मासभर तोंडातून खोटं काढणार नाही, तू फक्त आमच्या घरच्यायले पायावर उभं कर. कोणी वांगं सोडते, कोणी कांदा सोडते, मी खोटं सोडलं. भाऊजी म्हणतात, वहिनी, कांदाच सोडायचा होता, घर तरी चाललं असतं! हसा, हसा जी, मलेही हसू येते. शेजारच्या तुळसानं नवं लुगडं दाखवलं, कसं दिसते म्हणाली — मी सांगून टाकलं. नागपंचमीपासून बोलत नाही ती.

तर शॉकप. आमच्या घरचे — नाव मी घेत नाही, घर दाखवणाऱ्यानं सांगतलंच असन — ढोरांच्या दवाखान्यात होते. कोणाची गाय अडली, कोणाच्या म्हशीले घटसर्प झाला, का निघाले औषधाची पेटी घेऊन. अन् मंगळवारी देवीले जायले मागं मी. सानगडीहून मोहाडी जवळ आहे का? बंडीच्या चाकोऱ्यांमधून गाडी जाये, खड्डा आला का मागचं चाक वर मडगार्डले घासे — खर्र! हे म्हणत, तुझ्या उपासानं देवी बारीक होत असन, तू तर काही होत नाही. साबुदाण्याचा उपास करते अन् शॉकप माझे बसतात! मी पाठीत धपाटा घालत जाये. मग एक दिवस साकोलीहून हे लांबवाले घेऊन आले, इथंच अंगणात बसून लावले, हात काळे करून. म्हणे, आता बस राणीसारखी. अन् खरंच, चाक घासणं बंद. गाडी बोटानं वळे. बाजारातून, बंड्यांमधून अशी निघे, जशी मासोळी. यायले किती आनंद — पाहा म्हणे, कंपनीवाल्याले नाही सुचलं.

पण भाऊ, सूप पाहिलं असन ना तुमी? मागून उचललं का दाणे समोरच्या काठावर येतात. तसंच झालं. मागची बाजू उचलली, सारा भार समोर आला, समोरच्या चाकाचा चिमटा होता त्याहून सरळ उभा झाला — मग हँडलले धीर राहत नाही. हळू चालवा तोवर गोड वाटते, बोटानं वळते. वेगात घ्या, उतारावर घ्या, वरून ब्रेक दाबा — लटलट, लटलट, हातात राहतच नाही. हे मले कोणी सांगतलं? भंडाऱ्याचा मिस्त्री. नंतर. आमाले आधी समजलंच नाही काहून माहीत आहे? काहून की मागं मी होती. मी बसली का शॉकप दोन बोटं खाली बसत, गाडी सरळ. नाही तर ती औषधाची पेटी, तीही जड. एकट्यानं रिकामी गाडी वेगात अशी कधी नेलीच नव्हती यायनं.

मागच्या पोळ्याले मी माहेरी गेली होती, लाखनीले. एस्टीनं. पेटी दवाखान्यातच ठेवली यायनं, सुट्टी होती ना — अन् मले आणायले निघाले. एकटे. मोठ्या रोडले लागले, नवं डांबर, समोर उतार, खाली नाल्याचा पूल... मी तिकडे पिशवी भरून दारात बसली होती. आईनं यायच्यासाठी करंज्या बांधून दिल्या होत्या.

हळू बोला ना जी. आत आहेत. खाटेवर. ऐकू येते ना, टक... टक... पंख्याची दांडी खाटेच्या काठाले लागते. हातपंखा आहे. हात चांगले आहेत, बोलणं चांगलं, सारं समजते — कमरेखालचं तेवढं... सुई टोचली तरी समजत नाही. ढोराले इतक्या सुया टोचल्या यायनं. स्वतःच म्हणाले एकदा, असं जनावर आलं असतं तर मी मालकाले काय सांगतलं असतं? — अन् तोंड भिंतीकडे केलं. मले तर गप्पच राहणं भाग आहे ना.

जुने शॉकप? आहेत ना! ह्याच पोत्यात आहेत, तेल लावून ठेवले. मिस्त्री म्हणालाच होता, अर्ध्या तासाचं काम आहे, लावून देतो. यायनं आतून आवाज दिला — हात लावू नका! मी उठलो का मीच बदलवतो. आता सांगा, मी कोणाले लावू देऊ? दुसऱ्यानं पाना लावला तर त्याचा अर्थ काय झाला? म्हणून तशीच उभी आहे. वर्ष झालं. तुमी नेली का घरी गेल्यावर आधी हे लावा, भाऊ, शपथ घाला स्वतःले. तुमी एकटेच जाल ना जवाहरनगरले ड्युटीवर? लग्न व्हायचं आहे? मग तर लावाच. लावायचे नसतील तर मी गाडी देत नाही.

विकून कायले राहिली म्हणता? भाऊजीनं यायले समजावलं — दादा, ही आता जुनी झाली, तू बरा झाला का नवी घेऊ. हे मानले. माझ्याकडे पाहत होते तेव्हा, मीही हो म्हणावं म्हणून. मी चूल फुंकायले निघून गेली. खरं तर — हळू सांगते — चाकाची खुर्ची पाहून ठेवली आहे नागपूरले. पाठीले जखमा झाल्या, सारखं पडून पडून. खुर्ची आली का ओट्यावर तरी बसतील, ढोरं जाताना पाहतील, लोक दोन गोष्टी विचारतील. नागपूरच्या डॉक्टरनं मले व्हरांड्यात बोलावून सांगतलं होतं, बाई, खुर्चीचंच पाहा, आता तेच — जाऊ द्या. मी का सांगून राहिली तुमाले हे. चहा घ्या, साय धरली.

मी आशा सोडली नाही जी. देवी पाहते. दर मंगळवारी नारळ पाठवते भाऊजीजवळ, आषाढीनंतर स्वतः नाही गेली, यायले टाकून सारखी कशी जाऊ. अंगठा हलल्यासारखा वाटते कधी कधी. वाटते म्हणते मी, हलला म्हणत नाही. दोन्हीत फरक आहे ना? ठेवावा लागते.

काय म्हणाले?

नाही, ऐकलं मी. बरे होतील ना भाऊ — असंच विचारलं तुमी. मोठ्यानं विचारलं. चांगल्या मनानंच विचारलं, मले राग नाही...

कार्तिकीनंतर विचारा ना जी. कार्तिकी एकादशी झाली का नियम सुटते माझा, तेव्हा या, इथंच उभे राहून असंच मोठ्यानं विचारा, मी सांगीन. तुमी म्हणाल तितक्या वेळा सांगीन.

थांबा. बोलू नका. पंखा —

जा भाऊ तुमी. गाडी राहू द्या आज. साकोलीची एस्टी येईनच आता, उठा, फाटकाची कडी लावून घ्या.

अहो... पंखा काहून थांबवला?

अहो?