एकशे पासष्टचा पट्टा

बस ना, बस, बसायला कोण नको म्हणतंय — पण बसून काही कळत नाही, दुकानातल्या फरशीवर सगळ्याच स्नोमोबाइल, बर्फावरच्या गाड्या, शहाण्या असतात. आणि तुझ्याएवढ्यांना मी अहोजाहो करत नाही हं, राग मानू नकोस. तर काय म्हणत होते — टर्बो. सगळ्यांना टर्बोच हवी. अल्बर्टातनं येता तुम्ही, तिकडे सगळं पोळपाटासारखं सपाट, आणि इकडे पहिला डोंगर दिसला रे दिसला की वेगाची कळ दाबायला अंगठे शिवशिवायला लागतात. मित्रांकडे टर्बो आहे म्हणून तुला टर्बो. किती वर्षं चालवतायत ते? — हां, बघ. आधी ऐक. ही सहाशे सीसीची, खालचा बर्फ कापत फिरणारा पट्टा एकशे शेहेचाळीस इंची. हलकी, म्हणशील तिकडे वळते, झाडांतनं काढायला सोपी. पण वर हवा पातळ झाली की धापा टाकते, नव्या भुसभुशीत बर्फात निम्म्या चढावर रुतून बसते. मग उतरायचं, फावड्यानं उकरायचं, घामाघूम व्हायचं. ही मधली, साडेआठशे, पट्टा एकशे चोपन्न — निम्म्याहून जास्त लोकांना मी हीच देते. आणि ही तिसरी. टर्बो, एकशे पासष्टचा पट्टा, त्याच्यावर तीन-तीन इंची दाते. ही रुतत नाही. हवा कितीही पातळ होऊ दे, हिचा दम तुटत नाही. सहाशेवाला मुकाट्यानं पायथ्याशी सँडविच खात बसतो, आणि ही तुला नेते थेट कड्याच्या खाली — बरोब्बर तिथं, जिथनं डोंगर सुटतो, बर्फाचा लोट खाली येतो. रुतणारी गाडी माणसाला जिवंत ठेवते, पोरा. हे माहितीपत्रकात छापत नाहीत.

मग विकता कशाला, म्हणे! धंदा आहे, विकते. ज्याला चालवता येते त्याला विकते. आणि एकदा — एकदा एकाला विकली, तीन वर्षांपूर्वी. लाइल पॉवेल. त्यानं स्वतः पसंत केली, मी काही गळ्यात मारली नाही. तू नाव ऐकलं नसशील, तुम्ही बाहेरचे. गावात विचार, लोक सांगतील — लाइलला आर्लीननं बर्फातनं जिवंत काढला. खरंय. मीच काढला. पण त्याच्या आधीचं कोणी सांगणार नाही, कारण आधीचं म्हणजे गॉर्डी, आणि गॉर्डीचं नाव निघालं की इथले लोक बुटांकडे बघायला लागतात.

गॉर्डी माझा भाऊ. धाकटा. सात वर्षांनी लहान. हे दुकान आम्हा दोघांचं — मी पुढे गिऱ्हाईक बघायची, तो मागे इंजिनं खोलायचा. सावध इतका की आमची आई त्याला म्हातारबा म्हणायची. चढाला हात घालण्याआधी बर्फात खड्डा खणून थर बघणार, बोटानं दाबून बघणार, आणि मन नाही भरलं तर सगळ्यांना मागे फिरवणार — लाइल हसायचा त्याला. लाइल त्याचा शाळेपासूनचा मित्र. आमच्या स्वयंपाकघरात जेवून मोठा झालेला, माझ्या आईला आई म्हणणारा. नऊ वर्षांपूर्वी मार्चमध्ये दोघं वरच्या वाटीत गेले — ती वाटीसारखी दरी आहे ना, तीन बाजूंनी कडे — आणि दुपारी लाइल एकटा खाली आला. डोंगर सुटला होता. गॉर्डी आत. लाइलनं शोधलं नाही — म्हणजे शोधलं म्हणाला, दहा मिनिटं शोधलं म्हणाला, मग मदत आणायला निघालो म्हणाला. मदत! अरे, आत गाडलेल्या माणसाकडे पंधरा मिनिटं असतात, फार तर वीस. मदत म्हणजे तूच! दुसरी कुठली मदत? दोन तासांनी काढला आम्ही गॉर्डीला. मी होते तिथं.

आणि चौकशीत लाइलनं काय सांगावं? — की गॉर्डीच कड्यापर्यंत चढला, मी नको नको म्हणत होतो, मी खाली उभा होतो. छापून आलं तसं. चालकानं स्वतःच हिमकडा कोसळवला. एका ओळीत म्हातारबाचा मूर्ख केला. किराणा घेताना बायका माझ्या पाठीमागे बोलायच्या — लग्न ठरलेलं पोर, एवढी मस्ती कशाला करायची. आणि आमची आई, ती त्याच्यावर रागावूनच गेली रे. दीड वर्षात गेली. शेवटी शेवटी म्हणायची, माझा विचारसुद्धा आला नाही का गं त्याच्या मनात.

थांब, सांगते ना मला कसं कळलं. जूनमध्ये बर्फ वितळला तेव्हा गॉर्डीची गाडी सापडली. मी बघायला गेले. इंजिनाची बाजूची झाकणं काढलेली, तुटलेला बेल्ट बाहेर — पट्टा नव्हे, आतला छोटा बेल्ट, इंजिनाची ताकद पट्ट्याला देतो तो — आणि नवा बेल्ट कुठं? त्याच्या जाकिटाच्या खिशात. जाकीट घरी होतं माझ्याकडे, मी धुतलंही नव्हतं. म्हणजे तो गाडी बंद करून, पायथ्याशी उभा राहून बेल्ट बदलत होता. बंद गाडीनं कोणी कडा चढतं? मी सगळं घेऊन गेले चौकशीवाल्या साहेबांकडे. म्हणाले, बाई, झाकणं लोटातही उडतात. तुमचं दुःख समजतो. दुःख समजतो! त्या दिवसापासून मला एकच हवं होतं — लाइलच्या तोंडून. दुसऱ्या कोणाच्या नाही, त्याच्या.

पण लाइल तोवर पसार. तुमच्या अल्बर्टात, तेलाच्या कामावर, सहा वर्षं. आणि तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात दाराची घंटा वाजते काय, आणि हा आत येतो काय. मला मिठी मारली. मिठी! म्हणाला, आर्लीन, गॉर्डीची आठवण येत नाही असा एक दिवस जात नाही गं. मी म्हटलं, कॉफी घेतोस? दिली कॉफी. त्याच्याकडे अल्बर्टात घेतलेली जुनी सहाशेच होती, छोट्या पट्ट्याची, आणि चालवायला तो आधीसारखाच — अंगठा दाबायचा आणि देवावर सोडायचं. ती गाडी त्याला कुठं वर जाऊच द्यायची नाही, म्हणून जगला होता मेला. त्यानं विचारलं, कुठली घेऊ? मी म्हटलं, तुझ्यासारख्याला… म्हणजे, त्यानंच टर्बोकडे बोट दाखवलं. पुढेच उभी होती ती. मी ती आदल्या दिवशी पुढे आणून ठेवली होती, पुसूनबिसून. कारण तो गावात आल्याचं मला पेट्रोलपंपावर कळलं होतं, आणि — गाड्या काय, आपण हलवतोच मागेपुढे. असो.

फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ पडला. सत्तर सेंटिमीटर, वर वारा, आणि चौथ्या दिवशी कडक ऊन. असल्या दिवशी डोंगर नुसता खोकल्यानं सुटतो. सकाळी लाइल आला तेल घ्यायला, दोन सोबती घेऊन. वाटीत कसं आहे, म्हणाला. मी म्हटलं, वारा पडलाय. पडलाच होता! खोटं नाही बोलले मी. हिमकड्यांचं इशारापत्रक रोज सकाळी इथं गल्ल्याशेजारी चिकटवते, तिकडे दिसतंय ना, तसंच — वाचायचं त्यानं वाचावं. त्या दिवशी… त्या दिवशी ते नव्हतं तिथं. माझ्या एप्रनच्या खिशात होतं. घडी करून. काय बघतोस? पत्रक आहे, फोनवरही मिळतं. मोठा माणूस होता तो.

मग मी दुकान नवऱ्यावर टाकून सरावाला गेले. तेव्हा मी गावच्या बचाव पथकात होते, गॉर्डीनंतर लगेच नाव घातलं होतं. शेजारच्याच खोऱ्यात, पायथ्याशी, सराव चालला होता. रेडिओ वाजला. वाटीत एक जण गाडला गेलाय. मर्विन, आमचा प्रमुख, विचारत होता कोण, कोण — मला विचारावं लागलं नाही. हेलिकॉप्टरनं आठ मिनिटांत पोचलो. त्याचे सोबती चुकीच्याच जागी उकरत होते, रडत होते. माझ्या बीकनला त्याच्या अंगावरच्या यंत्राचा आवाज सापडला, बर्फात लांब सळई खुपसली, तिसऱ्यांदा तो लागला. माणूस लागला की सळईला कळतं, बर्फासारखं टणक नाही, जमिनीसारखं नाही. मी खणलं. देवाशपथ, मी जीव तोडून खणलं, कोणालाही विचार. गाडी त्याच्या अंगावर आडवी पडलेली, त्यामुळे तोंडापुढे थोडी पोकळी राहिली होती. आधी हेल्मेट दिसलं. मी काच वर केली, तोंडातला बर्फ बोटांनी काढला, आणि त्यानं श्वास घेतला. निळा पडला होता. डोळे उघडले. मला ओळखलं. म्हणाला, आर्लीन.

आणि मी फावडं बाजूला ठेवलं.

मानेच्या खाली सगळा बर्फ. त्या बर्फाचं सिमेंट होतं, माहितीये? छाती फुगत नाही, बोट हलत नाही. मी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हटलं, लाइल, गॉर्डीच्या वर कोण चढलं होतं? तो म्हणाला, काढ मला. मी म्हटलं, कोण चढलं होतं? मर्विनला आधी कळेचना, तो गाडीच्या बाजूनं खणत होता, तो ओरडला, आर्लीन, काय करतेस, खण! मी त्या खड्ड्याच्या तोंडावर बसले, दोन्ही पाय पसरून. माझ्यावरून कोणाला येता येईना. मर्विननं खांदा धरून ओढलं, मी त्याच्या हाताला चावले. हो, चावले. चौपन्न वर्षांची बाई. लाइल रडायला लागला. आणि मग बोलला. मी चढलो होतो. तो बेल्ट बदलत होता, थांब म्हणून हात करत होता, मला वाटलं मजा करू. आणि सुटल्यावर मी बघितलंच नाही गं, मी पळालो. मी शोधलं नाही, एक मिनिटही शोधलं नाही.

मर्विननं ऐकलं, सोबत्यांनी ऐकलं. मी म्हटलं, मोठ्यानं बोल. तो पुन्हा बोलला.

चार मिनिटं. मर्विनच्या घड्याळाप्रमाणं चार. मग उचललं फावडं. पाय मोडला होता त्याचा, उजव्या हाताची दोन बोटं गेली, पण जगला. मर्विननं खालीच माझा रेडिओ काढून घेतला. म्हणाला, तू पुन्हा माझ्यासोबत डोंगरावर येणार नाहीस. पण इमानदार माणूस — त्यानंच पत्र लिहिलं वर, आणि लाइलनं सही केली. गॉर्डीच्या नावापुढची ओळ बदलली. ती मी आईच्या थडग्याच्या दगडापाशी वाचून दाखवली. दोनदा वाचली. तिला ऐकू कमी यायचं.

समाधान? झालं की. का नाही होणार? लाइल दर नाताळाला कार्ड पाठवतो, त्यात लिहितो, तू मला वाचवलंस. मी ते चुलीत घालते. लोक विचारतात, एवढा राग अजून? अरे, त्यानं माफी मागितली तर ती माझ्याकडे मागितली, आणि ती घेणारी माझी आई होती. तिला कोण उठवणार? तर मधली घे तू. साडेआठशे, एकशे चोपन्नचा पट्टा. पहिली दोन वर्षं पुष्कळ झाली. सहाशे घेतलीस तरी मी नावं ठेवणार नाही. कागद काढू का मी, की बायकोला —

काय?

काय म्हणालास?

लाइल नसता बोलला तर मी फावडं…

मर्विननं विचारलं नाही मला हे. नवऱ्यानंसुद्धा नाही. तीन वर्षांत एकानं विचारलं नाही, आणि तू, अर्ध्या तासापूर्वी आलेला —

ऊठ गाडीवरनं. ऊठ. हातमोजे घे तुझे. गाड्या पुढच्या गावातही मिळतात, तिथं बघ. मी नाही विकत तुला, कुठलीच नाही. जा म्हटलं ना — आणि दार लावून घे, गार वारा येतोय.