बाशिंगाचा तरंडा

साडेपाच, ठमाबाई, बरोबर साडेपाच—गावच्या घड्याळानं हं, ह्यांच्या स्टेशनातल्या घड्याळानं सहा, रेल्वे आपली वेळसुद्धा निराळी पाळते—तेव्हा हे सगळं सुरू झालं. नको, पाटी आत आणू नकोस, पायरीखालीच ठेव. आज मासळी नको. मासळीचं नावसुद्धा नको. बाळंतपणापासून तो वास सोसत नाही, आणि आज तर मुळीच नाही. का म्हणून काय विचारतेस? अगं, वासंती उठली, भुकेनं रडायला लागली, मी अंधारातच तिचं बोंडलं घेतलं, दूध ओतणार—तर आत वळवळ! गांडुळं! सहा महिन्यांच्या पोरीच्या तोंडात जातं त्या चांदीच्या बोंडल्यात, ओल्या मातीसकट, एकमेकांत गुंतलेली—शी! एकानं तर माझ्या अंगठ्याला वेढा घातला. तेव्हापासून हात धुतेय. राखेनं घासला, चिंचेनं घासला, बघ कसा लाल झालाय. वास घे. येतोय ना? नाही? मला येतोय.

आणि ह्यांनी काय म्हणावं? 'अगं, लहानसं भांडं दुसरं हाताला लागेना.' बस्स! शिकलेला माणूस, कल्याण स्टेशनात तारमास्तर, दिवसभर मुंबईच्या तारा घेतो-देतो, आणि गळाचं आमिष लेकीच्या बोंडल्यात! नारळी पौर्णिमेपासून ह्या घरात दुसरा विषय नाही—तरंडा की वाहता गळ, वाहता गळ की तरंडा. जेवायला बसले की भाताचे दोन काठ करतात, मधे वरण सोडतात, ही नदी. लोणच्याची फोड हा जिताडा मासा. आणि मला दाखवतात—'हे बघ सुमती, दोरीला तरंगणारा तरंडा लावला तर आमिष वरच लोंबकळतं, जिताडा बसतो तळाशी. तेव्हा तरंडा काढून टाकायचा, दोरीला शिसाचा एवढासा गोळा बांधायचा, आमिष तळातून वाहत जाऊ द्यायचं आणि आपण त्याच्या मागोमाग पाण्यातून चालत जायचं.' चालत जायचं! वरणातून! अन्नाचा असा चिवडा झालेला बघून मला घास जात नाही. खरकटं आवरायचं कोणी? मीच.

आणि हे सारं तुझ्या लेकानं, काळुरामनं डोक्यात भरवलं. बोलू दे मला. तू माझ्याहून वडील आहेस, पण आज मी बोलणार. एवढी वर्षं ह्यांनी नदी पाहिली ती आगगाडीच्या पुलावरून, तिला—काय? काळुरामनं तरंडाच शिकवला? काठावर बसून? बरं—हो. ते खरं आहे. काळुराम म्हणालाच होता, मास्तर, पाण्यात पाय घालायचा नाही, हलक्या भेंडाचा तुकडा तरंगत सोडायचा, तो बुडाला की ओढायचं. मी दाराआड होते, ऐकलं मी. मग आला तो स्टेशनातला साहेब. त्यानं मोहने गावाच्या खडकाखाली वाहत्या गळाला हातभर जिताडा काढला आणि ह्यांना हसला, म्हणाला तरंडा म्हणजे पोरांचा खेळ. त्याचं काय जातंय? मांडीपर्यंत कातडी बूट, अंगानं रेड्यासारखा, वर पट्टीचा पोहणारा. आमच्याकडे काय? धोतर! आणि पोहता? पोहता कुठलं येतंय, ठमाबाई, विहिरीत वाकून बघितलं तरी ह्यांना घेरी येते.

तरीसुद्धा, ताटात कितीही नदी मांडली तरी, साहेबाचं ऐकत नव्हते हो. काल रात्रीपर्यंत तरंडाच लावायचा ठरला होता. मग आज? आज का—तू अशी बघू नकोस माझ्याकडे. बोंडलं आपटलं मी, तर तिथेच कोनाड्यात तो तरंडा. पांढरा, गुळगुळीत, आणि त्याच्या एका बाजूला बेगडाची टिकली. मला ओळख पटायला वेळ लागला नाही. देवघरात गेले, खुंटीवर बघितलं—एकच. दोन बाशिंगं होती तिथे, लग्नातली, ह्यांचं आणि माझं. ह्यांचं नाही! सासूबाई परवा म्हणत होत्या एक उंदरांनी नेलं. लग्नाच्या बाशिंगातलं भेंड कापून गांडुळांच्या वर लोंबकळवायला! मराठी सात इयत्ता शिकलेय मी, शकुन-अपशकुन मानत नाही म्हणते, पण—शिसारी आली गं. ह्यांच्या हातांची, त्या दोरीची, सगळ्याची. उचलला आणि घातला चुलीत. भेंडच ते, भप्प झालं आणि संपलं.

हे रागावले असते तर बरं. रागावले नाहीत. खिशातून शिसाचा गोळा काढला, म्हणाले, 'ठीक. आता साहेबाची तऱ्हा.' आणि गेले. स्टेशनातली पाळी दुपारची आहे, वेळ भरपूर आहे. आता किती वाजले असतील? नदीचं पाणी अजून उतरलं नाही ना गं? तू तिकडूनच आलीस, खडक दिसत होते का? दिसत नव्हते? नीट आठव!

थांब. उठू नकोस—नाही, ऊठ, पण हे घे. माझं. खुंटीवरचं उरलेलं. सासूबाई जाग्या झाल्या नाहीत तोवर पदराखाली धर. घरी जा आणि काळुरामला सांग, होडी घे आणि मोहन्याकडे जा. ह्यांना म्हणावं, ह्याचं भेंड काप, हवे तेवढे तरंडे कर, सुमतीनं स्वतः दिलंय, पण काठावर बस. आणि म्हणावं, आधीचा तिनं जाळला तो—तिला कळलं नाही. एवढंच सांगायचं, त्यात स्वतःचं काही घालू नको. बोंडल्याचं काही बोलू नको. वाटेत तुमच्या आळीतला धाकू भेटला, विश्राम भेटला, जो कोणी नदीकडे निघाला असेल त्यालाही सांग, तारमास्तरांना पाण्याबाहेर काढा म्हणावं.

पाटी राहू दे इथेच. मी बसते तिच्यापाशी, मांजर शिवू देणार नाही. नाक कशाला धरू? नाही धरत. जा ना गं, अजून उभीच!