आडव्या मक्यातली वाट

हॅलो?… हॅलो, वन्यजीव खातं ना? मला एक प्रश्न विचारायचाय… थांबा हं, वाचूनच दाखवते. मैत्रिणींनी पैज लावून लिहून दिलाय. “उभ्या मक्यात बदकांची शिकार चालते, मग आडव्या मक्यात का नाही?”… ए, हसू नका गं!… नाही मॅडम, तुम्हाला नाही. टेसा आणि ब्रेलिन, इथे स्वयंपाकघरात लोळतायत नुसत्या…

नाव?… हवंच का?… बरं, मग राहू दे.

कुणी आडवा केला?… समजा हं, समजा एका मुलीने तळ्याकाठच्या मक्यातून गवत कापायच्या ट्रॅक्टरने वाट काढली. एक खुर्ची जाईल एवढी रुंद… नाही, कापणी नव्हती झाली, कणसं तशीच होती… हो, दाणे पडलेत. पुष्कळ पडलेत. पण मळणी यंत्रातून सांडतात ते चालतात ना?… ती कापणी. हं. आणि हे?… आमिष?!… अहो, पण टेसाच्या काकांनी सप्टेंबरात सूर्यफुलं आडवी करून होले पक्षी मारले, त्यांना कुणी… होल्यांना चालतं? बदकांना नाही? असा कसा कायदा?… “मी नाही केला” काय! छान!

बरं, ऐका ना. ती मुलगी सगळे दाणे वेचेल, एकूण एक. या दोघी मदत करतील. ब्रेलिन, मान हलव!… मग?… शेवटचा दाणा उचलल्यावरही दहा दिवस शिकार बंद?… मॅडम, हंगाम या शनिवारी सुरू होतोय! आज मंगळवार! आणि रविवारी आत्या पॉप-पॉपना घेऊन जाणार, अख्ख्या हिवाळ्यासाठी, त्यांच्या खुब्याचं हाड…

…हो. माझेच आजोबा. आणि ती मुलगी मीच. मारेन नाव माझं.

चाकांची आहे खुर्ची. गेल्या वर्षीपर्यंत स्वतः चालत जायचे तळ्यावरच्या लपणात. मला वाटलं, कुणाला न सांगता वाट करावी, शनिवारी एकदम दाखवावी… हो ना, यंदा माझा शिकारीचा पहिला परवाना! परीक्षेत पन्नासपैकी अठ्ठेचाळीस!… चुकलेले दोन?… ते… बरं, त्यातला एक हाच होता.

आजोबांचं नाव? इन्स्ली. हार्लन इन्स्ली… तुम्हीपण? अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये? त्यांच्याच शिकारीच्या वर्गाला?… टेसा, यांनापण पॉप-पॉपनीच शिकवलंय!… हो, हो! “बंदूक उघड, मला नळीतून उजेड दिसू दे!” अजून तस्संच म्हणतात!

…काय? कधी?… शेजाऱ्याची मक्याची गाडी त्यांच्या बांधावर उलटली म्हणून? अख्खा हंगाम पॉप-पॉप शिकारीला नाही गेले?… मला कधी बोलले नाहीत.

म्हणजे शनिवारी पहिल्या दाण्यावर चाक गेलं असतं, की म्हणाले असते, “मारेन, खुर्ची वळव.” मला रागावलेसुद्धा नसते… नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

…मॅडम? बंदूकच नसेल तर?… एकही नाही. नुसतं बसायचं… आणि ते शिट्टीने बदकांना हाक घालतात, ती?… चालेल?… थर्मॉस?… स्क्रॅपलचं सँडविच? त्या डुकराच्या मांसाच्या तळलेल्या वड्या त्यांना लागतातच… मग काय! आणि खऱ्या बदकांना भुलवायला माझं लाकडी बदक सोडणार पाण्यात. त्यांनीच कोरलंय, मान थोडी वाकडी झालीय, हात थरथरतो ना आता… तुम्ही येता?… खरंच?… गणवेशात नको हं, बदकं बिचकतील!

आई-बाबा आले. मॅडम, फोन नका ना ठेवू. तुम्ही आहात म्हटलं की जरा धीर येतो.

बाबा, बूट नंतर काढा. आई, तूपण ऐक. तळ्याकाठचा मका मी पाडलाय… हो, ट्रॅक्टरने… हो, कणसांसकट… बाबा, आधी ऐकून तर घ्या! शनिवारी कुणीच बंदूक न्यायची नाही. माझीसुद्धा नाही… माहितीये गं आई, माझी पहिलीच शिकार आहे. मी ठरवलंय. पहाटे पॉप-पॉपची खुर्ची मी ढकलणार, त्याच वाटेने. ते हाक घालतील, बदकं उतरतील, आणि आम्ही नुसतं बघणार. आणि हे त्यांना मीच सांगणार. आत्ता, आत जाऊन.

ऐकलंत ना, मॅडम? ठेवते मग.