प्रलंबित अंगठा

भाचा : निकाल लागला, आत्या. तुझी प्रयोगशाळा बंद.

आत्या : आधी हात धू. बाहेरचे हात घेऊन माझ्या शिंपल्यांजवळ यायचं नाही.

भाचा : धुतो. पण आत्ता मी जे बोललो ते बोललोच नाही असं समजायचं. निकाल चौकशीनंतर सांगायचा असतो आणि चौकशी अजून व्हायची आहे.

आत्या : चौकशीच्या आधी निकाल कसा काय लागला रे?

भाचा : आमच्या कार्यालयात टंकलेखक एकच आहेत आणि ते आजपासून रजेवर आहेत. म्हणून त्यांनी सगळे निकाल कालच टाइप करून ठेवले. पुसायला टॉवेल?

आत्या : धुवायला टाकलाय. झटक हात. आणि मला सांग, विद्यापीठातल्या लोकांचे परदेशी संबंध तपासायचे, त्यासाठी सख्ख्या आत्याकडे सख्खा भाचा पाठवला, हे तुमच्यात कुणालाच खटकलं नाही?

भाचा : मलाच खटकलं. मी लेखी कळवलं की या प्राध्यापकबाई माझ्या बाबांच्या बहीण आहेत. वरून उत्तर आलं, बहीण परदेशी आहे का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग आम्हाला कशाला सांगताय.

आत्या : बस. त्या स्टुलावर नको, त्याला तीनच पाय आहेत. नवीन मागून मागून माझे केस पिकले.

भाचा : मी उभाच राहतो. प्रश्न पहिला. आपल्या प्रयोगशाळेत कोणतं काम चालतं?

आत्या : ठोंब्या, तू शाळेच्या सगळ्या सुट्ट्या इथे काढल्यास. त्या कोपऱ्यात बसून शिंपल्यांना नावं ठेवायचास.

भाचा : मी आत्ता ठोंब्या नाही, निरीक्षक आहे. तोही कच्चा. नोकरी अजून पक्की व्हायची आहे, तेव्हा नीट उत्तरं दे.

आत्या : लिहा, निरीक्षकसाहेब. समुद्रातला शिंपला खडकाला चिकटून राहतो. वर लाटांचा मारा, खाली घसरडं, तरी हलत नाही. तो जो गोंद सोडतो, तसा गोंद आम्ही इथे बनवतो. ओल्या जागीही धरणारा. जखमेवर लावायला. साधी पट्टी ओल्या जखमेवर टिकत नाही आणि टिकलीच तर काढताना कातडी सोबत घेऊन येते.

भाचा : आजीच्या हाताची आली होती तशी.

आत्या : हो. तशी. हे लिहितोयस का?

भाचा : त्याला रकाना नाहीये. प्रश्न दुसरा. परदेशी व्यक्तीशी संबंध?

आत्या : एक मैत्रीण आहे, तिकडच्या विद्यापीठात. मी चिकटवते, ती सोडवते.

भाचा : सविस्तर.

आत्या : गोंद माझा. आणि तो न दुखवता सुटावा म्हणून त्यावर टाकायचं द्रावण तिचं. नुसता माझा गोंद लावला तर माणूस बरा होईल, पण पट्टी काही निघायची नाही. अर्धं काम इथे, अर्धं तिथे. तुला मिसरूड फुटायच्या आधीपासून चाललंय.

भाचा : तुमच्या दोघींच्या मेलवरूनच तर सगळं सुरू झालं. तू तिला दर शुक्रवारी कळवतेस, ‘या आठवड्यात तीन मेले.’

आत्या : मेले होते.

भाचा : त्यावर आमच्याकडे बैठक बसली. शहरातल्या मयतांच्या नोंदी मागवल्या. मग एका शुक्रवारी तू लिहिलंस, ‘या वेळी कुणीच मेलं नाही, पुढच्या वेळी बघू.’ त्यानंतर साहेब आठवडाभर लिफ्टमध्ये एकटे चढत नव्हते, जिन्याने जायचे.

आत्या : शिंपले रे. टाकीतले.

भाचा : मी तेच सांगितलं. ते म्हणाले, मग त्या शिंपले असं स्पष्ट का लिहीत नाहीत?

आत्या : इतक्या वर्षांनी कोण लिहितं? तू आईला फोन करतोस तेव्हा ‘मी, तुझा मुलगा, तोंडाने जेवलो’ असं सांगतोस का?

भाचा : प्रश्न तिसरा. परदेशातून मिळालेल्या भेटवस्तू.

आत्या : मोजे. लोकरीचे. तिने स्वतः विणलेले.

भाचा : जमा करावे लागतील.

आत्या : तुझे आतोबा घालून बसलेत. तू काढून घेऊन दाखव, मी दोन थंड्या प्रयत्न केला.

भाचा : ‘वस्तू सतत वापरात असल्याने जप्ती होऊ शकली नाही.’ पुढे. परदेशी नागरिक प्रयोगशाळेत किती?

आत्या : एकही नाही.

भाचा : टाकीत?

आत्या : टाकीतलेही धरतात का? तिने सुरुवातीला डबाभर शिंपले पाठवले होते. आपल्यांपेक्षा घट्ट धरायचे. ते कधीच गेले. आता आहेत ती त्यांची पतवंडं. इथेच जन्मली, इथलंच पाणी प्यायली.

भाचा : आदेशात आहे, परदेशी वेगळे काढून दाखवावेत.

आत्या : काढ. आपले कुठले आणि त्यांचे कुठले, सगळे एकमेकांना धरून बसलेत. त्यांना दुसरं कामच नाही.

भाचा : प्रश्न चौथा, उद्योगाशी संबंध. ती पट्टीवाली कंपनी अजून सोबत आहे ना?

आत्या : काल त्यांचे व्यवस्थापक येऊन गेले. पुढच्या महिन्यात आमची पट्टी रुग्णालयात म्हाताऱ्या माणसांवर लावून बघायची ठरली होती. त्यांनी माझं फार कौतुक केलं. म्हणाले, तुमच्यासारख्या बाईंबरोबर काम करायला मिळालं असतं तर आयुष्याचं सोनं झालं असतं. मी म्हटलं, अहो, दहा वर्षं करताय की. तर म्हणाले, ते कुणाला सांगू नका. जाताना त्यांच्या कंपनीचं नाव असलेला माझा चहाचा मग उचलून घेऊन गेले. चहा अर्धा होता त्यात.

भाचा : आम्ही त्यांच्याकडे परवाच जाऊन आलो होतो.

आत्या : समजलं मला. आता तू सांग. बंद म्हणजे नक्की काय काय बंद?

भाचा : टाकीला सील, विजेचा खटका खाली, खोलीला कुलूप.

आत्या : वीज गेली म्हणजे हवेची मोटर गेली. मोटर गेली की सोमवारी उघडून बघायला कुणी नको. सगळी टाकी गेलेली असेल. एवढ्या वर्षांत वाढवलेलं हे वाण पुन्हा मिळणार नाही रे.

भाचा : हे मी साहेबांना सांगितलं. म्हणाले, मेले तर तशी नोंद करा, फक्त त्या मैत्रिणीला कळवू नका.

आत्या : दाद मागायची सोय?

भाचा : आहे ना. उत्तम सोय आहे. उपसमितीकडे अर्ज करायचा. उपसमितीत तीन सदस्य. त्यातल्या एकांची सून परदेशी निघाली, म्हणून त्यांची चौकशी लागली. ती चौकशी करायची उपसमितीने. आता स्वतःच्या चौकशीला सदस्याला बसता येत नाही आणि ते बसले नाहीत तर बैठकच भरत नाही. त्यामुळे उपसमिती आहे, पाटी आहे, खुर्च्याही आहेत, बैठक तेवढी नाही.

आत्या : मग अर्जांचं काय होतं?

भाचा : पडून राहतात. अर्ज पडून आहे तोवर ‘जैसे थे’. चालू असेल ते चालू, बंद असेल ते बंद. कुणी कशाला बोटसुद्धा लावायचं नाही.

आत्या : अरे, मग कागद दे. आत्ता लिहिते.

भाचा : तुला नाही करता येत. अर्ज फक्त निरीक्षकाने करायचा. तोही सरकारी कामात परदेशी वस्तूवाचून अडथळा आला असेल तरच. माझ्या कामात तर काहीच अडथळा नाही. तू हात धुवायला लावलेस, तेवढाच.

आत्या : मग उरक तुझं काम. माझ्याकडे बघत उभा राहू नकोस.

भाचा : सील लावतो. हे काय, चिकटत नाही.

आत्या : काचेवर दव धरलंय. पूस.

भाचा : टॉवेल नाही ना. हातानेच पुसतो. आता? नाही, घसरलं. पुन्हा घसरलं. आता उलटं लागलं. पडलं.

आत्या : कुठून घेता हा गोंद?

भाचा : निविदा काढून. सगळ्यात स्वस्त होता.

आत्या : मला नाही बघवत हे. गोंदाच्या बाईच्या टाकीवर असली पट्टी लोंबकळणार? सरक. ही घे माझी नळी. एक थेंब पुरे.

भाचा : आत्या, तू तुझीच टाकी तुझ्याच गोंदाने बंद करतेयस.

आत्या : करायचीच तर नीट होऊ दे. लाव. मधोमध. अंगठ्याने दाब. हं, बसलं बघ. काढ आता अंगठा.

भाचा : धरायला किती वेळ लागतो गं?

आत्या : दोन-चार मिनिटं. काढ, तुझा हात ओला आहे.

भाचा : आतोबांचे गुडघे कसे आहेत?

आत्या : अंगठा काढ.

भाचा : आणि तुमच्या खिडकीत एक लंगडं कबुतर यायचं, ते येतं का अजून?

आत्या : ठोंब्या. आत्ता निघेल. मग नाही निघायचा.

भाचा : आजीचा हात शेवटी कागदासारखा झाला होता ना. नर्स बिचारी म्हणत होती, हळूच काढते हं, हळूच काढते. तू बाहेर जाऊन उभी राहिली होतीस. आत मीच होतो.

आत्या : माहीत आहे मला.

भाचा : मग जरा बोल माझ्याशी. कबुतराचं सांग.

आत्या : येतं. आता दोन्ही पाय टेकतं. तुझी नोकरी अजून पक्की नाहीये रे.

भाचा : मी तर पक्का झालो. ओढून बघ.

आत्या : बघायला कशाला लागतंय? माझाच गोंद आहे.

भाचा : अरेरे. सरकारी कामात अडथळा आला. माझ्या डाव्या खिशात फोन आहे, साहेबांना लाव.

(आत्या फोन लावून, स्पीकर चालू करून टाकीच्या झाकणावर ठेवते.)

साहेब : बोला, निरीक्षक. सील लागलं का?

भाचा : लागलं, साहेब. जरा जास्तच लागलं.

साहेब : उत्तम. आता खटका पाडा, बाहेर या आणि कुलूप लावा.

भाचा : बाहेर येता येत नाही, साहेब. माझा अंगठा सीलला चिकटलाय.

साहेब : सील फाडा आणि या.

भाचा : सील फाडणं गुन्हा आहे, साहेब. त्यावर तुमची सही आहे. सही तुमची, अंगठा माझा.

साहेब : तसं असेल तर तुमच्यासह खोलीला कुलूप लावून घ्या.

भाचा : कुलूप बाहेरून आहे. लावणारा आत आहे.

साहेब : हं. या प्रकारच्या चिकटण्यावर अधिकृत उपाय काय आहे?

भाचा : एक द्रावण आहे. छोटी बाटली. परदेशात मिळते.

साहेब : परदेशात कोणाकडे?

भाचा : या प्राध्यापकबाईंच्या मैत्रिणीकडे.

साहेब : म्हणजे ज्यांच्याशी संबंध तोडण्यासाठी तुम्हाला तिथे पाठवलं, त्यांच्याकडे.

भाचा : त्यांच्याकडेच.

साहेब : मग आपल्या हातात काही नाही. उपसमितीकडे रीतसर अर्ज करा.

भाचा : करतो. आणि तोवर, साहेब?

साहेब : तोवर जैसे थे. नियम मी सांगायचे का तुम्हाला? खटका, मोटर, दिवे, टाकी, कशालाही हात लावायचा नाही.

भाचा : एक हात लागलेला आहे.

साहेब : तो तसाच राहू द्या. ठेवतो.

आत्या : ठेवला. ठोंब्या, एक सांगू का? अंगठ्याची वरची कातडी झडते. दोन-तीन दिवसांत तू आपोआप सुटशील.

भाचा : ते अर्जात लिहू नकोस.

आत्या : आणि सुटलास की?

भाचा : अर्ज अंगठ्याचा नाही, बाटलीचा आहे. बाटलीचा निर्णय होत नाही तोवर मोटर चालू. पट्टी म्हाताऱ्यांवर लावायला बाटली लागेलच ना, तेव्हा पुढचं बघू. तुझ्या मैत्रिणीला सध्या तिकडे सोडवत बसू दे.

आत्या : आज शुक्रवार. तिला मेल जायची आहे. काय कळवू?

भाचा : जे खरं आहे ते.

आत्या : ‘या आठवड्यात कुणीच मेलं नाही.’

भाचा : साहेब पुन्हा जिन्याने जातील. बरं, आधी अर्ज. माझा लिहायचा हात कामात आहे, तू लिही. तारीख घाल. ‘माननीय उपसमिती, सप्रेम नमस्कार.’ नको, सप्रेम खोड.

आत्या : खोडलं. पुढे?

भाचा : ‘सरकारी कर्तव्य बजावत असताना सरकारचा एक अंगठा सरकारी सीलखाली अडकला असून तो फक्त परदेशी द्रावणाने सुटू शकतो. तरी सदर द्रावणाची एक छोटी बाटली मागवण्यास परवानगी द्यावी.’

आत्या : झालं? करू सही तुझ्या नावाची?

भाचा : थांब, पाय दुखायला लागले. शेवटी लिही, ‘तसेच निर्णय होईपर्यंत अर्जदारास बसण्यासाठी चार पायांचं एक स्टूल तातडीने मंजूर करावं, ही नम्र विनंती.’