खाटकाच्या घरचं मांस

मुलगी: ...आणि ताटली अशी ढकलू नका. पहाटे पाचला उठलेय मी यासाठी.

बाबा: मी सांगितलं होतं उठायला?

मुलगी: नाही. हॉस्पिटलातून आल्यापासून एकोणीस दिवस तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहता. जबड्याचं ऑपरेशन झालंय, कबूल. पण टाके भरलेत, जीभ हलते, गिळता येतं. असं डॉक्टरच म्हणाले. मग अडलंय कुठं?

बाबा: भूक नाही.

मुलगी: दोन कप पेजेवर दिवस काढायचा आणि वर भूक नाही म्हणायचं. गुरुवारी वजन करणार आहेत. आणखी एक किलो उतरलं तर नाकातून नळी. परत तोच पलंग, तोच वॉर्ड.

बाबा: घालू देत नळी.

मुलगी: घालू देत म्हणे. शाळेत चाळीस पोरं माझं ऐकतात, घरी एक बाप ऐकत नाही.

बाबा: आहे काय हे?

मुलगी: पुल्ड पोर्क. डुकराचा खांदा. काल मीठ, साखर, मोहरीची पूड चोळून फ्रिजमध्ये ठेवला आणि आज सहा-सात तास मंद ओव्हनमध्ये. चावावं लागत नाही. जिभेनं टाळूला दाबलं तरी विरतं. म्हणून केलं, हौस आली म्हणून नाही.

बाबा: चाळीस वर्षं खाटीक होतो मी. आणि माझ्याच घरात मांसाच्या चिंध्या.

मुलगी: चिंध्या नाहीत, दोन काट्यांनी सोडवलंय.

बाबा: मांस कापतात. ओरबाडत नाहीत.

मुलगी: बरं. ओरबाडलेलं खा.

बाबा: चरबी वर ठेवली होतीस की खाली?

मुलगी: वर.

बाबा: आणि काढल्या काढल्या फाडलंस.

मुलगी: नाही. तासभर तसंच झाकून ठेवलं, मग सोडवलं. ट्रेमधला रस परत त्यावर ओतला. आणखी काही विचारायचंय?

बाबा: मिरची दिसत नाही.

मुलगी: जखमेला झोंबेल म्हणून नाही घातली. कमाल आहे तुमची. घास घ्यायला जीव नाही, पण नाकानं कांदे सोलायला आहे. सकाळपासून तीनदा पाणी प्यायच्या निमित्तानं ओव्हनजवळ घुटमळून गेलात, मी काय आंधळी आहे?

बाबा: ते हाड इकडे आण.

मुलगी: कुठलं?

बाबा: सिंकपाशी ठेवलंयस ते. आण म्हणतोय ना.

मुलगी: हे घ्या. आता हाड चघळणार का?

बाबा: ...सांध्यातून नेमकं सोडवलंय. हाडावर ओरखडा नाही. कुणाकडनं आणलास खांदा?

मुलगी: आपल्याच दुकानातून. म्हणजे, आता ज्यानं घेतलंय त्याच्याकडनं.

बाबा: त्याच्या सुरीला कधी धार नसते. सांधा फोडायला सत्तूर घेतो तो. हे पातळ पात्याचं काम आहे.

मुलगी: असेल.

बाबा: असेल काय? बोल.

मुलगी: त्याच्या हातात तुमची सुरी होती.

बाबा: हं.

मुलगी: बाबा, मी सांगणारच होते.

बाबा: मला ठाऊक आहे. घरी आलो त्याच दिवशी खण उघडला. सात सुऱ्या होत्या, एकेक फडक्यात गुंडाळलेली. आता तिथं तुझे प्लास्टिकचे डबे.

मुलगी: तेव्हापासून ठाऊक आहे? मग बोलला का नाहीत?

बाबा: तू सांगशील म्हणून वाट बघितली.

मुलगी: आणि तोवर जेवायचं नाही. सुऱ्यांपायी?

बाबा: सुऱ्या गेल्या चुलीत. गेलेल्या माणसाचं सामान वाटून टाकतात, पोरी. मी जिवंत होतो.

मुलगी: हो.

बाबा: विचारलंसुद्धा नाहीस.

मुलगी: कुणाला विचारणार होते? तोंडात नळ्या होत्या तुमच्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, जवळच्यांना कळवून ठेवा. जवळचं कोण आहे आपलं? मीच. मग मी मलाच कळवलं. घरी आले, चमचा शोधायला खण उघडला आणि समोर त्या सुऱ्या. तुमचे हातच दिसले मला. आई गेल्यावर तिच्या साड्या दोन वर्षं कपाटात होत्या. दर वेळी दार उघडलं की मी ते तसंच लावून टाकायचे, तुम्हाला कधी कळलंही नाही. पुन्हा तेच नको म्हणून दुसऱ्या सकाळी पिशवीत भरून दुकानात त्याला देऊन आले. घाबरले होते. चुकले.

बाबा: घाई केलीस.

मुलगी: केली. तुम्ही गेलात असं धरून बसले होते मी. आणि मग तुम्ही डोळे उघडलेत, हाक मारलीत, आणि मला लाज वाटली. आजपर्यंत वाटतेय. पण मला तुमचा रागही येतो. इतका येतो की काल मीठ चोळताना वाटलं, ट्रे भिंतीवर फेकावा. मी घाबरून जे धरलं होतं, ते तुम्ही अन्न सोडून खरं करून दाखवताय. मलाच दाखवताय.

(बाबा हातातलं हाड ताटलीशेजारी ठेवतात.)

बाबा: परत मागितल्यास का सुऱ्या?

मुलगी: चार दिवसांपूर्वी. म्हणाला, बाई, दिलेली वस्तू परत मागतात का? सहा तो वापरतो, एकीनं त्याची बायको पोती उसवते.

बाबा: कुठली?

मुलगी: काळ्या मुठीची.

बाबा: पोती. त्या सुरीनं.

मुलगी: मी भांडले त्याच्याशी, बाबा. ऐकत नाही तो.

बाबा: तुझं ऐकायचाच नाही. माझं ऐकेल. मी जातो.

मुलगी: कसे जाणार? बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरता. दुकान चौकाच्या पलीकडे आहे.

बाबा: आज नाही जात.

मुलगी: मग कधी?

बाबा: पायांत बळ येईल तेव्हा. ती ताटली सरकव इकडे.

मुलगी: थांबा, गरम करून देते.

बाबा: आहे तशी दे. आणि तोंडाकडे बघत बसू नकोस.

मुलगी: सावकाश. छोटा घास घ्या.

बाबा: गिळता येतं मला.

मुलगी: दुखतंय का?

बाबा: दुखतंय.

मुलगी: मग राहू दे. संध्याकाळी परत बघू.

बाबा: हात काढ ताटलीवरून.

मुलगी: काढला. ...कसं झालंय?

बाबा: मीठ बरोबर पडलंय.

मुलगी: एवढंच?

बाबा: पार हाडापर्यंत शिजलंय. खांद्याचं असं होतं, मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तो लोकांना खिम्यासाठी म्हणून विकला.

मुलगी: आणखी देऊ थोडं? का राग आहे अजून?

बाबा: राग आहे. तू वाढ.